लिमाची भिंत, केंब्रिजचा चिखल

परवा सकाळी सायकल लावताना पाहिलं, तर आमच्या शेडच्या शेजारच्या दारावर तो कागद पुन्हा लागला होता. ‘परीक्षा चालू आहेत. कृपया शांतता राखा.’ लॅमिनेट केलेला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, आणि ‘कृपया’च्या खाली लाल शाईची एक रेघ. ती रेघ तीन वर्षांपूर्वी नव्हती. ती आमच्यामुळे आली.

केंब्रिजमधल्या मे महिन्याचा स्वतःबद्दल फार गैरसमज आहे. तो स्वतःला उन्हाळा समजतो. झाडांना पांढरी फुलं येतात, त्यांचा थोडा उग्र, थोडा गोड वास रस्ताभर असतो, आणि त्या फुलांवर दिवसभर पाण्याची अशी बारीक भुरभुर चालते की छत्री उघडायची लाज वाटावी आणि न उघडली तर भिजावं. पोरं मान खाली घालून सायकली हाणतात. एकेकाच्या चेहऱ्यावर तो भाव असतो, जो माझ्या चेहऱ्यावर पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कायमचा चिकटला होता. परीक्षा संपल्यावर ह्यांचा ‘मे बॉल’ असतो, रात्रभर नाचगाणं आणि खाणंपिणं, तो जूनमध्ये. मी कारण विचारलं होतं. सगळ्यांनी, हे विचारायची गरज काय, अशा नजरेने पाहिलं.

तर त्या वर्षीचा मे. आमची संस्था लहान आहे. जुन्या इमारती भूकंपात कशा वागतात ते आम्ही तपासतो. इंग्लंडमध्ये भूकंप म्हणावा असा भूकंप होत नाही, त्यामुळे आम्हाला तो स्वतःच करावा लागतो. त्यासाठी शेडमध्ये एक जाडजूड पोलादी टेबल आहे, बैठकीच्या खोलीएवढं. त्यावर भिंत उभी करायची, खालचा पंप चालू करायचा आणि टेबल गदागदा हलवायचं. पंपाचा आवाज साधारण विमान उडाल्यासारखा येतो. आणि शेडला लागून एका कॉलेजचा परीक्षेचा हॉल. म्हणून मे महिन्यात पंप बंद, हा करार. माती कालवायची असेल तर कालवा, पण कुजबुजत.

त्या वर्षी आमच्याकडे लिमा शहरातलं एक घर आलं होतं. घर म्हणजे घराची मापं, फोटो आणि लेझरने टिपलेले कोट्यवधी ठिपके. जुन्या गावठाणात, मुख्य चौकापासून दोन गल्ल्या आत, स्पॅनिश अमदानीत बांधलेलं दुमजली घर. अशा घराला तिकडे ‘कासोना’ म्हणतात. दाराची कमान एवढी उंच की घोड्यावर बसल्या बसल्या आत जावं. आत फरशीचं अंगण, मधोमध कारंजं, त्यात आता पाण्याऐवजी जिरेनियमच्या कुंड्या. रस्त्याच्या बाजूला लाकडी, कोरीव, चहूबाजूंनी बंद असा सज्जा. आतून सगळा रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. शेजारपाजारच्यांची खबर ठेवण्यासाठी ह्याहून चांगली सोय मनुष्याने केलेली नाही. खाली झेरॉक्सचं दुकान, बटणांचं दुकान आणि एक दातांचा डॉक्टर. वर तीन खोल्यांत तिया मर्सेदेस.

‘तिया’ म्हणजे मावशी किंवा आत्या. ही होर्हेची आत्या, आणि होर्हे माझा सहकारी. दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसतो. तियाचं वय शहात्तर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिच्या घराचा वरचा मजला धोकादायक आहे, तो पाडून काँक्रीटचा करावा, असं तिथल्या नगरपालिकेच्या इंजिनिअरने लिहिलं होतं. जूनअखेर सुनावणी. मजला पाडायचा म्हणजे तिने निघायचं. मुलाने समुद्रकाठी चौदाव्या मजल्यावर खोली तयारच ठेवली होती. तिची बाजू मांडायला एकच रस्ता होता. तशीच भिंत, तशीच दुरुस्त करून, आम्ही हलवून दाखवायची. उभी राहिली तर मजला वाचेल.

त्या वरच्या मजल्याच्या भिंतींना ‘किंचा’ म्हणतात. लाकडी चौकट, तिच्यात वेताच्या काड्या विणलेल्या आणि वर गवत घातलेल्या मातीचा लेप. लिमात पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून मातीचं घर एवढी वर्षं टिकलं. आणि ते आम्ही केंब्रिजच्या मे महिन्यात बांधायला निघालो होतो! काड्या गार्डन सेंटरमधल्या, माती शेजारच्या सफक परगण्यातली, पेंढा घोड्यांच्या तबेल्यातला. अस्सल लिमाचा फक्त होर्हे होता.

पहिली भिंत आम्ही मोठ्या उत्साहाने लिंपली. दोन इंच जाड, एका दिवसात. ती वाळेना. चार दिवसांनी होर्हेने तिच्यापुढे दोन हीटर लावले. आठव्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर भिंतीला अशा भेगा की आत पेन्सिल जावी. होर्हे बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

त्या दिवसांत माझ्या सासूबाई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स, शेवटची काही वर्षं मेट्रन. घरात रिकामं बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमची सगळी कपाटं लावली. दुसऱ्या आठवड्यात औषधांचा डबा तारखेप्रमाणे लावला. तिसऱ्या आठवड्यात त्या निखिलकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, कुठून सुरुवात करावी अशा नजरेने पाहू लागल्या. निखिलच्याही मनात त्यांच्यासाठी एक योजना होती. नागपूरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पुण्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी नवी सोसायटी होत होती. आत योगा हॉल, डॉक्टर, हिरवळ. त्याने माहितीपत्रक छापून आणलं होतं आणि ते रोज जेवणाच्या टेबलावर ठेवून बघायचा. आई त्यावर गरम भांडं ठेवायच्या.

भेगा पडल्या त्या दिवशी मी जेवताना निखिलला फोटो दाखवत होते. आईंनी चष्मा लावून फोन हातात घेतला.

“हे प्लास्टर कोणी घातलं?”

“भिंतीचं आहे आई ते. मातीचं.”

“ते दिसून राहिलं मला. एका दमात थापलं ना? आणि वरून शेकलं?” मी हीटरचं सांगितलं. “काऊन गं? पेशंटला भाजून राहिले का तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या. पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि पिशवीत जुनी सुती साडी, फाडायला.

शेडचा व्यवस्थापक ब्रायन हा लीड्सकडचा, कमी बोलणारा आणि नियमांना घट्ट धरून असणारा माणूस. अनोळखी माणसाला आत सोडायचं तर फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘पात्रता’ असा रकाना होता. आईंनी आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘ऑर्थोपेडिक, थर्टी इयर्स’. ब्रायनने तो कागद दोनदा वाचला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि गळ्यात अडकवायला ‘व्हिजिटिंग कन्सल्टंट’ लिहिलेलं कार्ड दिलं. मग पिवळंजर्द जॅकेट, पांढरं हेल्मेट आणि पोलादी टोकाचे बूट. बूट घालून, निऱ्या खोचून आई चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, “हे मला वॉर्डात असते तर एकही वॉर्डबॉय चुकला नसता.”

होर्हेशी ओळख करून दिली. आता हे नाव इंग्रजीत लिहितात ‘जे’ने आणि म्हणतात होर्हे. आई म्हणाल्या, “नाव काय ह्याचं?”

“होर्हे.”

“हो रे काय? नाव विचारून राहिले मी.”

“तेच आई. होर्हे.”

त्यांनी क्षणभर विचार केला, आणि तेव्हापासून त्याला अगदी प्रेमाने ‘हो रे’ म्हणू लागल्या. तो प्रत्येक वेळी धावत यायचा.

ब्रायनला मात्र एक शंका होती. दोन दिवस ती त्याने पोटात ठेवली. तिसऱ्या दिवशी चहा घेताना, अतिशय अदबीने, त्याने मला विचारलं, की तुझ्या सासूबाईंच्या गावी मातीत गाईचं शेण घालतात ना, तसं इथे करायचं असेल तर मला वेगळं रिस्क असेसमेंट करावं लागेल. मी भाषांतर केलं. आई म्हणाल्या, “सांग त्याला, मी धंतोलीत फ्लॅटमध्ये राहते. शेणाचा आणि माझा काय संबंध?” मग त्याच्या बुटांकडे बघून म्हणाल्या, “तोच येते रोज गाईंच्या कुरणातून सायकल घेऊन.” ते खरं होतं. मी त्याचं भाषांतर केलं नाही.

दुसरी भिंत आईंच्या पद्धतीने झाली. माती दोन दिवस भिजत ठेवली. पेंढा बोटभर लांबीचा कापला. तो कापायला त्यांनी ब्रायनला बसवलं, आणि तो बसला. पहिला थर पातळ, तळहाताने दाबून दाबून, काड्यांच्या पलीकडे मातीची गाठ निघेपर्यंत. मग ओल्या फडक्यांनी झाकून तीन दिवस वाट बघायची. मग दुसरा थर. “पहिला हात काड्यांना धरून ठेवायला, दुसरा सपाट करायला, तिसरा लोकांना दाखवायला,” आई म्हणायच्या, कुजबुजत, कारण पलीकडे परीक्षा. भिजलेल्या मातीचा वास शेडभर भरला होता. आम्ही चौघं कोपरापर्यंत चिखलात, एकमेकांशी खुणांनी बोलत, कुणाला शिंक आली तर ती कोपरात दाबत काम करत होतो. चोरी करायला आलेल्या माणसांनीही एवढी काळजी घेतली नसती.

दुपारी तीनला लिमात सकाळचे नऊ वाजायचे. तेव्हा होर्हे फोन एका बादलीवर उभा करायचा आणि तिया मर्सेदेस कॉफीचा पेला घेऊन पडद्यावर हजर व्हायची. तिला इंग्रजी येत नाही. आईंना स्पॅनिश येत नाही. पहिल्या दिवशी होर्हेने भाषांतर केलं, दुसऱ्या दिवशी दोघींनी त्याला गप्प बसवलं. एक मराठीत बोलायची, दुसरी स्पॅनिशमध्ये, आणि दोघी एकमेकींना होकार द्यायच्या. तियाने फोन फिरवून आपल्या भिंतीचे पोपडे दाखवले. आईंनी जीभ चुकचुकवली. तियाने नवऱ्याचा फोटो दाखवला. आईंनी आपल्या फोनमधला दाखवला. दोन्ही नवऱ्यांना मिश्या होत्या; त्यावर दोघी खूप हसल्या. का, ते आजतागायत आम्हाला कळलेलं नाही.

एकदा बादली धुताना आईंनी मला विचारलं, “हिला कुठे पाठवून राहिले?”

“मुलाच्या फ्लॅटवर. समुद्र दिसतो म्हणे तिथून. चौदावा मजला.”

“तिला विचारलं कोणी?”

मला माहीत नव्हतं. त्या दिवशीचा थर त्यांनी एवढ्या जोराने दाबला की मागून होर्हेला चौकट धरून उभं राहावं लागलं.

मग तो गुरुवार आला. तिसरा थर अर्धा झाला होता. तिया कॉफी पीत बघत होती. ब्रायन दिव्याची वायर बदलायला शिडी घेऊन आला आणि त्याने ती टेकवली थेट ओल्या भिंतीला.

तिया मर्सेदेस किंचाळली. मग बोलू लागली. तिचा आवाज फोनमधून येत होता ह्यावर विश्वास बसत नव्हता. शिडीबद्दल, ब्रायनबद्दल, बहुधा ब्रायनच्या घराण्याबद्दल, एकही श्वास न घेता. होर्हे फोन बंद करायला धावला, पण हात चिखलाने बरबटलेले, बोट फिरेना. फोन बादलीत पडला. बादलीतून आवाज दुप्पट घुमू लागला. आईंनी शेवटी बादलीवर आपलं हेल्मेट पालथं घातलं.

दोन मिनिटांनी दार वाजलं. परीक्षेच्या पर्यवेक्षक बाई होत्या. पांढरे केस, गळ्यात चष्मा, चेहऱ्यावर दुःख.

“माफ करा,” त्या म्हणाल्या, “पण आत स्पॅनिशचा पेपर चालू आहे.”

ब्रायनने शिडी भिंतीपासून अलगद उचलली.

“दोन विद्यार्थ्यांची तक्रार आहे की लक्ष लागत नाही. आणि बाकीचे,” त्यांनी आवाज आणखी खाली आणला, “बाकीचे लिहून घेत आहेत.”

होर्हेचा चेहरा पडला. तिया जे बोलली होती त्यातलं कुठलंही वाक्य उत्तरपत्रिकेत जाण्यालायक नव्हतं, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. बाईंनी भिंतीकडे पाहिलं, हेल्मेट घातलेल्या बादलीकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं आणि हे कधी हलवणार आहात, असं विचारलं. परीक्षा संपल्यावर पहिल्या शनिवारी सकाळी, मी म्हटलं. “मी आले तर चालेल का?” त्यांनी विचारलं.

तो शनिवार कोरडा उजाडला. रस्त्यावर आदल्या दिवशीच्या आनंदाच्या बाटल्यांची बुचं पडली होती. शेडमध्ये पर्यवेक्षक बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, ब्रायन पंपापाशी, होर्हे कॉम्प्युटरपाशी, तिया बादलीवर. तिच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते, तरी ती गळ्यात मोत्यांची माळ घालून बसली होती. आईंनी भिंतीवरून एकदा हात फिरवला. एकही भेग नव्हती. गुळगुळीत, बदामी रंगाची, नव्या पाटीसारखी भिंत. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. आमच्या लग्नातही नाही.

पहिला धक्का हलका. भिंत जराशी डुलली. दुसरा मोठा, माती भुरभुरली. तिसरा मात्र लिमात पूर्वी होऊन गेलेल्या एका मोठ्या भूकंपाच्या नोंदीवरून केलेला होता. पंप गरजला, टेबल उसळलं, आणि आईंचं प्लास्टर तडकलं. आधी एक रेघ वरपासून खालपर्यंत. मग परातीएवढा तुकडा. मग एकेक ताव सुटावा तशी माती धडाधड खाली यायला लागली.

“थांबवा!” आई ओरडल्या. “अरे थांबवा ना बाप्पा! पडून राहिली ती!” त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की पुढे चार दिवस तिथे पाच निळे ठिपके होते. चाळीस सेकंद ते चाललं. चाळीस सेकंद किती लांब असतात, हे ज्याने भूकंप पाहिलाय त्यालाच कळतं, असं होर्हे नेहमी म्हणायचा, आणि मी मान हलवायचे.

पंप थांबला. सगळीकडे धूळ. फोनमधून तियाचं काहीतरी पुटपुटणं येत होतं, प्रार्थनेसारखं. तिला पडद्यावर फक्त धूळ दिसत होती.

मग धूळ खाली बसली. चौकट उभी होती. काड्या विणल्या तशा विणलेल्या, एक खांब हललेला नाही, एक सांधा सुटलेला नाही. होर्हेने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तो हसायला लागला, आणि हसता हसता रडायला.

आई संतापल्या होत्या. “हसतो काय? माझं सगळं प्लास्टर पडलं!”

मी त्यांना समजावलं. किंचाची माती अशीच तडकते आणि पडते. सगळा धक्का ती स्वतः खाते, म्हणून चौकटीला काही होत नाही. पहिल्या भिंतीसारखी भेगाळलेली असती तर पहिल्याच धक्क्यात निघून गेली असती आणि तिसरा सगळा लाकडावर आला असता. नगरपालिकेला हेच दाखवायचं होतं. माती पुन्हा लिंपता येते.

त्यांनी ढिगाऱ्यातला एक तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाल्या, “म्हणजे प्लास्टर काढायची वेळ झाली होती.” त्यांनी बादलीवरचा फोन उचलला, भिंतीपाशी नेला आणि तियाला एकेक काडी दाखवत म्हणाल्या, “उभी आहे. बघा ना. उभी आहे.” तियाने भाषांतराची वाट पाहिली नाही. माळ मुठीत धरून ती रडत होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निर्णय आला: मजला पाडू नये, दुरुस्त करावा, घरमालकिणीने तिथेच राहायला हरकत नाही. त्या संध्याकाळी मी श्रीखंड केलं. निखिलला वाटलं, सगळे खुशीत आहेत, हीच वेळ. त्याने माहितीपत्रक उघडलं.

“आई, निदान एकदा बघून तरी ये. तिसरा मजला, गुडघे, एकटी. तुला काही झालं तर?”

आईंनी वाटी खाली ठेवली. “त्या भिंतीचा निकाल द्यायला ह्या लोकांनी महिनाभर चिखल तुडवला. आधी हलवून पाहिली, मग ठरवलं. तू मला कधी हलवून पाहिलं?”

निखिलने माहितीपत्रक मिटलं. तो हट्टी आहे, पण वाईट नाही. म्हणाला, “मी घाबरतो गं. फोन लागला नाही की मी इथे ऑफिसात नुसता बसून असतो.”

हे त्याने मलाही कधी सांगितलं नव्हतं. आईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, जसा त्या शनिवारी भिंतीवरून फिरवला होता तसाच, जरा तपासत. “मग असं कर,” त्या म्हणाल्या, “लिफ्टसाठी आमच्या सोसायटीच्या मागे लाग. मी सेक्रेटरी आहे, पण माझं कोणी ऐकत नाही. तू लंडनहून बोलून राहिला म्हटलं की ऐकतील.”

“केंब्रिजहून.”

“त्यांना काय कळते?”

लागला तो मागे. अडीच वर्षं, जवळपास दर आठवड्याला, फोनवर, मेलवर, ग्रुपवर, नागपूरच्या एकोणीस बिऱ्हाडांच्या. पाच वेळा ठराव झाला आणि चार वेळा मोडला. पण त्या निमित्ताने मायलेकांत जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या दहा वर्षांत झालं नव्हतं, भांडणं धरून.

गेल्या महिन्यात लिफ्ट बसली. उद्घाटन संध्याकाळी सहाला. आम्ही इथून व्हिडिओवर पाहिलं. आई इरकल नेसून कात्री घेऊन उभ्या, सगळी बिऱ्हाडं जिन्यात दाटीवाटीने. आणि मधोमध एका खुर्चीवर, हार घातलेला टॅबलेट. प्रमुख पाहुण्या म्हणून लिमाहून तिया मर्सेदेस. तिच्यामागे नवी लिंपलेली भिंत आणि सज्ज्यातून आलेलं सकाळचं ऊन. तिने कागद काढला आणि अकरा मिनिटं स्पॅनिशमध्ये भाषण केलं. अतिशय तळमळीने, मधे दोनदा छातीवर हात ठेवून. नागपूरकरांनी टाळ्यांचा कडकडाट केला, एका काकांनी तर डोळे पुसले.

माझ्या शेजारी बसून होर्हे ऐकत होता. संपल्यावर मी विचारलं, काय म्हणाली रे?

तो म्हणाला, “ती अकरा मिनिटं लिफ्टच्या विरोधात बोलली.”